दिवस, आयुष्य, वर्ष : कॅथलिक श्रद्धेच्या वाढीची तीन मापे



कॅथलिक घरात जन्मलेल्या मुलाचा स्नानसंस्कार बहुधा ते तान्हे असतानाच होतो. त्या वेळी श्रद्धेचा उच्चार आईवडील आणि धर्ममातापिता करतात. मुलाला त्यातले काहीही कळत नाही. पुढे साठ-सत्तर वर्षांनी तीच व्यक्ती आजारपणात अंथरुणाला खिळते, धर्मगुरू तिच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावतो, आणि ती स्वतःच्या तोंडाने, क्षीण आवाजात का होईना, ‘आमेन’ म्हणते. जी श्रद्धा प्रथम दुसऱ्यांनी बोलून दाखवली, ती मधल्या वर्षांत स्वतःची कशी झाली? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

एखाद्या भारावलेल्या क्षणी श्रद्धा जागी होऊ शकते, यात शंका नाही. पण जागे होणे वेगळे आणि वाढणे वेगळे. वाढीला काळ लागतो, आणि कॅथलिक परंपरेने हा काळ मोकळा सोडलेला नाही. त्याची तीन मापे घालून दिली आहेत : दिवस, आयुष्य आणि वर्ष. दिवसाला प्रार्थना, आयुष्याला संस्कार, वर्षाला उपासना-वर्ष. या तिन्हींचा क्रमाने विचार करायचा आहे. त्याआधी, ही परंपरा मराठी मुलखात कशी रुजली, ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

मराठी मुलखात या परंपरेचे जुने घर म्हणजे वसई. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. सत्ता गेली, परदेशी धर्मगुरू गेले, किल्ल्यातली चर्च ओस पडली. राजाश्रय संपल्यावर श्रद्धाही संपायला हवी होती, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. तसे झाले नाही. स्थानिक धर्मगुरू आणि शेती-मासेमारी करणारी कुटुंबे यांनी ती सांभाळली. 1597 मध्ये जपानात नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करलेले आणि 1862 मध्ये संतपदाला पोहोचलेले गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे.

दुसरे घर गोव्यात. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. तिथल्या नवख्रिस्ती लोकांना पूर्वीची पुराणे ऐकायची सवय होती. ती सुटली आणि जागा रिकामी राहिली. स्टीफन्स यांनी ती ओळखली आणि ओवीबद्ध मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ 1616 मध्ये राशोल येथे छापला गेला, तोही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा उपलब्ध नव्हते. श्रद्धा वाढवायची तर ती लोकांच्या कानाला ओळखीच्या लयीत यायला हवी, हे त्यांनी चारशे वर्षांपूर्वी जाणले होते.

तिसरे घर आपल्या वऱ्हाडातले. फ्रान्समधील आनसी येथे 1838 मध्ये स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस दी सेल्स यांच्या मिशनरी संघाचे धर्मगुरू 1846 मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून मध्य भारतात पसरले. 1887 मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला आणि 1955 मध्ये त्यातून अमरावती धर्मप्रांत वेगळा निघाला. आपले वरूड याच धर्मप्रांताच्या हद्दीत येते. वसईसारखी गावेच्या गावे कॅथलिक असलेला हा मुलूख नाही; इथे कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत. म्हणूनच श्रद्धा वाढते कशी, हा प्रश्न इथे अधिक नेमका होतो. आजूबाजूचा समाज जेव्हा आपोआप आठवण करून देत नाही, तेव्हा दिवसाने, आयुष्याने आणि वर्षाने ती करून द्यावी लागते.

आता पहिले माप : दिवस.

ज्या संताच्या नावाने वऱ्हाडातले हे मिशनरी आले, त्याच संताने या बाबतीत मोठे काम करून ठेवले आहे. फ्रान्सिस दी सेल्स (1567–1622) हे जिनिव्हाचे बिशप. 1609 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ या अर्थाच्या त्यांच्या फ्रेंच पुस्तकात त्यांनी त्या काळाला धाडसाचे वाटेल असे प्रतिपादन केले. भक्ती ही मठातल्या माणसाची मिरास नाही; सैनिकाने, कारागिराने, विवाहित स्त्रीने, विधवेने, प्रत्येकाने आपापल्या कामाला आणि ताकदीला साजेल अशी भक्ती करावी. जी भक्ती हातातल्या कामाची हेळसांड करायला लावते ती खरी भक्तीच नव्हे, असे त्यांनी ठामपणे मांडले. मग कामात बुडालेल्या माणसाने काय करावे? सकाळी उठल्यावर येणारा दिवस देवाच्या हाती सोपवावा, थोडा वेळ एखाद्या शास्त्रवचनावर मनन करावे, काम करता करता मनातल्या मनात एका ओळीच्या छोट्या प्रार्थना कराव्यात, आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवस तपासावा. चार गोष्टी. त्यांतल्या एकीलाही मठ लागत नाही.

कॅथलिक परंपरा प्रार्थनेचे तीन प्रकार मानते : मुखाने म्हटलेली प्रार्थना, मनन आणि मौन चिंतन. यांत वरचा-खालचा असा जिना लावण्याची घाई करू नये. मुखाने म्हटलेली प्रार्थना नवख्यांसाठी आणि मौन सिद्धांसाठी, असा समज चुकीचा आहे. रोझरीचेच उदाहरण घ्या. एका फेरीत पाच रहस्ये, प्रत्येक रहस्याला एक ‘आमच्या बापा’ आणि दहा ‘नमो मरिया’. ओठ ठरलेले शब्द म्हणतात, बोटे मण्यांवरून सरकतात, आणि मन येशूच्या जन्मावर, दुःखसहनावर, पुनरुत्थानावर रेंगाळते. मुखप्रार्थना, मनन आणि मौन एकाच वेळी एकाच घरात नांदतात. शतकानुशतके आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी पंधरा रहस्ये होती. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये सुचवली आणि येशूच्या सार्वजनिक कार्यावरचे मननही त्यात आले.

दिवेलागणीला घरातल्या वेदीसमोर रोझरी म्हणण्याची रीत वसई-गोव्यापासून वऱ्हाडापर्यंत सर्वत्र आहे. आजी सुरुवात करते, बाकीचे उत्तरार्ध म्हणतात, लहान मूल चौथ्या रहस्याला पेंगू लागते. त्या मुलाला काय कळते? रहस्ये फारशी कळत नाहीत. पण घरातली मोठी माणसेही कोणासमोर तरी गुडघे टेकतात, एवढे त्याला पक्के कळते. श्रद्धेचा हा पहिला धडा कोणत्याही धर्मशिक्षणाच्या वर्गात इतका नीट शिकवता येत नाही.

आणि प्रार्थनेत गोडी वाटेनाशी झाली तर? मन कोरडे पडले तर? हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक श्रद्धावंताला पडतो. मदर तेरेसा 1997 मध्ये निवर्तल्या आणि दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांतून कळले की अनेक दशके त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. तरीही त्यांचा रोजचा प्रार्थनेचा वेळ चुकला नाही आणि रस्त्यावरच्या मरणासन्न माणसांची सेवा थांबली नाही. 2016 मध्ये चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले. भावना येते, जाते. ठरलेली वेळ पाळणे माणसाच्या हातात असते. श्रद्धा पुष्कळदा याच पाळण्याच्या बळावर टिकते.

आता दुसरे माप : आयुष्य.

कॅथलिक चर्च सात संस्कार मानते. 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ही संख्या निश्चित शब्दांत मांडली. त्यांची मांडणी तीन गटांत होते. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे प्रवेशाचे संस्कार. प्रायश्चित्त आणि रुग्णांचा तैलाभ्यंग हे उपचाराचे संस्कार. धर्मगुरुदीक्षा आणि विवाह हे सेवेचे संस्कार. जन्म, वाढ, अन्न, आजार, घर, जबाबदारी : माणसाच्या जगण्यातली एकही मोठी गोष्ट यातून सुटलेली नाही. आणि साधने पाहा. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, हाताचा स्पर्श, दिलेला शब्द. देवाची कृपा शरीराला टाळून थेट आत्म्यापर्यंत जाते असे कॅथलिक श्रद्धा मानत नाही. देव स्वतः देहधारी झाला, म्हणून कृपाही डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या खुणांतून येते.

या सातांपैकी दोन संस्कार वारंवार घ्यावयाचे आहेत आणि रोजच्या वाढीचा भार मुख्यतः त्यांच्यावरच आहे : ख्रिस्तप्रसाद आणि प्रायश्चित्त.

ख्रिस्तप्रसाद मिस्सामध्ये मिळतो. मिस्साचे दोन मोठे भाग आहेत : आधी देवाच्या वचनाचे वाचन आणि त्यावरील प्रवचन, नंतर भाकर व द्राक्षारस यांवरील उपकारस्तुती आणि प्रसाद. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यात रोममधील जस्टिन या तत्त्वज्ञाने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर-द्राक्षारस, आणि शेवटी अनाथ, विधवा, आजारी व कैदी यांच्यासाठी गोळा केलेले दान. साडेअठराशे वर्षांनंतरही मूळ आराखडा तोच आहे. त्यातले दान विसरून चालणार नाही. प्रसाद घेऊन बाहेर पडलेल्या माणसाच्या दारातून उपाशी माणूस तसाच परत गेला, तर त्या माणसाने प्रसादातून घेतले काय?

प्रसाद किती वेळा घ्यावा, याबद्दल चर्चची वृत्ती काळानुसार बदलत गेली. 1215 च्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा, ईस्टरच्या सुमारास, तो घेतलाच पाहिजे असे ठरवले. लोक दूर राहू लागले होते म्हणून हा नियम करावा लागला. 1905 मध्ये पोप पायस दहावे यांनी वारंवार, शक्य तर रोज प्रसाद घेण्यास प्रोत्साहन दिले आणि 1910 मध्ये साधारण सातव्या वर्षाच्या मुलांनाही त्याची दारे उघडली. प्रसाद हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही, दुबळ्याला दिलेले अन्न आहे, ही समज त्यामागे होती.

प्रायश्चित्ताच्या संस्काराला वसई-गोव्याकडे ‘कुमसार’ म्हणतात. तो जवळून पाहण्यासारखा आहे. लाकडी जाळीच्या एका बाजूला धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकलेला माणूस. आवाज कुजबुजीइतका. आधी घरी केलेली तपासणी, मग पश्चात्ताप, मग स्पष्ट शब्दांत कबुली, मग धर्मगुरूने सांगितलेली भरपाई आणि देवाच्या नावाने दिलेली क्षमा. ऐकलेला एक शब्दही धर्मगुरूला कधीही, कोणालाही, कोणत्याही दडपणाखाली सांगता येत नाही. माणूस स्वतःच्या चुका मनात हजार वेळा कबूल करतो, पण त्या मोठ्याने उच्चारताना जीभ अडखळते. त्या अडखळण्यातच नम्रता जन्म घेते. आणि क्षमा कानांनी ऐकू येते, हेही तितकेच महत्त्वाचे. ‘देवाने केली असेल माफ’ असे धरून चालणे आणि ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ हे ऐकणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

उरलेल्या पाच संस्कारांपैकी स्नानसंस्कार, दृढीकरण आणि धर्मगुरुदीक्षा आयुष्यात एकदाच होतात. विवाहाचे वचन जोडीदाराच्या हयातीभर बांधते. तैलाभ्यंग गंभीर आजारात पुन्हाही घेता येतो. पण एकदाच झालेला संस्कार त्या दिवशी संपतो का? विवाहाचा संस्कार लग्नमंडपात सुरू होतो आणि पुढे स्वयंपाकघरात, दवाखान्याच्या बाकावर, मुलांच्या फीची जुळवाजुळव करताना चालू राहतो. नवरा-बायकोने एकमेकांना दिलेला शब्द रोज पाळणे, हीच त्या संस्काराची वाढ. स्नानसंस्काराचेही तसेच.

तिसरे माप : वर्ष.

उपासना-वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने सुरू होते. मग नाताळचा काळ, मग सामान्य काळाचा पहिला टप्पा, मग राखेच्या बुधवारपासून प्रायश्चित्तकाळ, पवित्र सप्ताह, ईस्टर आणि त्यानंतरचे पन्नास दिवस, पेन्टेकोस्ट, आणि पुन्हा सामान्य काळ, तो ख्रिस्तराजाच्या सणापर्यंत. सामान्य काळाचे आठवडे तेहतीस किंवा चौतीस. धर्मगुरूच्या वस्त्रांचा रंग त्याप्रमाणे बदलतो : प्रतीक्षेला आणि प्रायश्चित्ताला जांभळा, सणांना पांढरा, पवित्र आत्म्याला आणि हुतात्म्यांना लाल, सामान्य काळाला हिरवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रविवारच्या वाचनांची तीन वर्षांची मालिका आखली गेली : एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक, योहानाचे शुभवर्तमान विशेषतः ईस्टरच्या काळात. नियमाने रविवारी येणारा माणूस तीन वर्षांत शुभवर्तमानांचा फार मोठा भाग ऐकून होतो, मग त्याला अक्षरओळख असो वा नसो.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, कारण 21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. ही पौर्णिमा कधी फाल्गुनी असते, बहुधा चैत्री. तिथींवर सण मोजणाऱ्या मराठी माणसाला हा हिशेब परका वाटू नये.

या वर्षाची घडण कशी आहे, हे वरूडच्या बागाईतदाराला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. संत्र्याच्या झाडाला आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण द्यावा लागतो. झाड मलूल होते, पाने गळतात, नवख्याला वाटते बाग गेली. मग पाणी सुरू होते आणि झाड फुलते. ज्याने ताण दिला नाही त्याला पाला मिळतो, बहार मिळत नाही. उपासना-वर्षातल्या दोन्ही मोठ्या सणांपूर्वी असाच ताण आहे : नाताळापूर्वी आगमनकाळ, ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ. आणि ताण म्हणजे छळ नव्हे. तो मोजून-मापून देतात, आणि फुलण्यासाठीच देतात.

या चाळीस दिवसांची सुरुवात कपाळावरच्या राखेने होते. ही राख कशाची? मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या, आशीर्वादित झावळ्या जाळून ती केली जाते. येशूच्या जयजयकाराची ती खूण वर्षभरात वाळते, जळते आणि मातीची आठवण करून देते. प्रायश्चित्तकाळाची साधने तीन : प्रार्थना, उपवास, दान. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन दिवस अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या सुदृढ व्यक्तींना उपवासाचे. उपवासातून वाचलेले दान झाले नाही, तर तो उपवास नुसती काटकसर ठरतो. दर शुक्रवारी क्रुसाची वाट होते : चौदा स्थाने, आणि प्रत्येक स्थानापुढे थांबून गुडघे टेकायचे.

मग येते पास्काची, म्हणजे ईस्टरपूर्वीची रात्र. वर्षातली सर्वांत मोठी उपासना हीच. चर्चमधले सगळे दिवे मालवलेले असतात. लोक बाहेर अंगणात जमतात. तिथे नवा अग्नी पेटवतात. धर्मगुरू मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरतो, वर अल्फा, खाली ओमेगा, क्रुसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे, आणि त्यावर ख्रिस्ताच्या पाच जखमांच्या खुणेचे पाच धूपकण बसवतो. त्या एका ज्योतीमागून सगळे अंधारात शिरतात. तीन ठिकाणी थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाची घोषणा होते आणि हातातल्या लहान मेणबत्त्या एकीवरून एक पेटत जातात. मग वाचने सुरू होतात : जगाची निर्मिती, आब्राहामाची परीक्षा, तांबडा समुद्र, संदेष्ट्यांचे बोल. जुन्या करारातली अशी सात वाचने. मग घंटा वाजतात. मग पाण्याला आशीर्वाद. प्रौढ दीक्षार्थी असतील तर त्यांचा स्नानसंस्कार. आणि बाकी सगळे आपल्या स्नानसंस्काराची वचने नव्याने म्हणतात. लहानपणी जी वचने आईवडिलांनी दिली, ती इथे दरवर्षी ज्याची त्याने द्यायची असतात.

श्रोतेहो, इथे तिन्ही मापे एकत्र येतात. वर्षातली एक रात्र आयुष्यातला संस्कार उजळून देते आणि उद्याच्या दिवसाची प्रार्थना नवी करते.

हे सगळे कोणत्या भाषेत घडते, यालाही महत्त्व आहे. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लॅटिनबरोबर लोकभाषांना वेदीवर जागा मिळाली. मिस्सा मराठीत आला. ज्या प्रार्थना पूर्वी कानावरून जात, त्या मनात उतरू लागल्या. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाने श्रद्धा आणि मराठी साहित्य यांना एका पंगतीला बसवले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तर तुकोबांच्या देवानुभवावर संशोधन केले. जी श्रद्धा आपल्या भूमीच्या संतांसमोर आदराने बसू शकते, ती आपल्या भूमीत खोल गेलेली असते.

एक आक्षेप मात्र टाळून पुढे जाता येणार नाही. ठरलेल्या प्रार्थना, ठरलेले विधी, ठरलेले सण, यांतून श्रद्धा यांत्रिक होत नाही का? होऊ शकते. मणी सरकतात आणि मन बाजारात असते; प्रसाद घेतला जातो आणि भावकीतला अबोला तसाच राहतो. येशूने स्वतः याबद्दल कडक शब्दांत सांगितले : वेदीपाशी अर्पण आणलेले असताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. म्हणून विधीची कसोटी विधीच्या बाहेर लागते. पण दोष विधी पाळण्यात नाही, विधीपाशीच थांबण्यात आहे. सवय सोडल्याने मन आपोआप जिवंत होत नाही. सवयीत मन घातले म्हणजे होते.

आणि जिथे धर्मगुरू रोज पोहोचू शकत नाही, चर्च दूरच्या शहरात आहे, तिथे काय करावे? तिथे घर हीच लहान चर्च, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे सांगणे आहे. आगमनकाळात दर रविवारी एक याप्रमाणे चार मेणबत्त्या घरीही लावता येतात. रविवारची वाचने घरीही वाचता येतात. प्रायश्चित्तकाळातला उपवास आणि दान यांना चर्चची इमारत लागत नाही. मिस्साला जाणे जमेल तेव्हा चुकवू नये आणि जमणार नाही तेव्हा घरातला दिवस रिकामा जाऊ देऊ नये. विखुरलेल्या कुटुंबांची श्रद्धा याच दोन नियमांवर वाढते.

सारांश असा. प्रार्थना दिवसाला देवाकडे वळवते. तिची कसोटी गोडी नव्हे, सातत्य. संस्कार आयुष्यातल्या प्रत्येक वळणावर कृपा हाताला लागेल अशा खुणांनी देतात. त्यांची कसोटी मिळालेल्या कृपेप्रमाणे जगणे. उपासना-वर्ष ख्रिस्ताचे जीवन दरवर्षी श्रद्धावंतांसमोर उलगडते आणि ताण व उत्सव यांची शिस्त लावते. त्याची कसोटी, मागच्या ईस्टरला जो माणूस होता त्यापेक्षा या ईस्टरला तो थोडा अधिक क्षमाशील, थोडा अधिक उदार झाला की नाही, ही. तिन्हींपैकी एकाने काम भागत नाही. प्रार्थनेविना संस्कार नुसते सोपस्कार होऊन बसतात, संस्कारांविना प्रार्थना एकलकोंडी होते, आणि वर्षाच्या चक्राविना दोन्हींना दिशा राहत नाही. तिन्ही एकत्र चालली, की श्रद्धा वाढते. सावकाश वाढते, पण वाढते.